गाण्याचा आवाज आपोआप वरखाली होतोय? आधी पट्टी हलते का ते बघा

घरातल्या कॉम्प्युटरवर गाणी लावली आणि आवाज मनाला येईल तसा चढू-उतरू लागला, की पहिला संशय जातो स्पीकरवर आणि दुसरा साउंड कार्डवर. नातेवाइकांचे नि शेजाऱ्यांचे कॉम्प्युटर बघता बघता ही तक्रार मी इतक्यांदा निस्तरली आहे, की हल्ली स्क्रूड्रायव्हर न घेताच जातो. बहुतेक वेळा मोडलेलं काहीच नसतं. एकाच आवाजावर तिघाचौघांचे हात असतात: गाणी वाजवणारं ॲप, कॉम्प्युटरची सिस्टीम, साउंडचा ड्रायव्हर (सिस्टीम आणि साउंड चिप यांना जोडणारं छोटं सॉफ्टवेअर), कधी कधी स्पीकर स्वतः. त्यातला कोण मध्ये हात घालतोय ते शोधायचं, एवढंच काम.

तक्रार नेमकी कोणती?

"आवाज कमीजास्त होतो" हे वाक्य एकच, पण त्यामागचे आजार वेगवेगळे. आपलं यातलं कोणतं, ते आधी ठरवा.

- एका गाण्यात आवाज स्थिर असतो, पण पुढचं गाणं सुरू झालं की एकदम दणका बसतो किंवा आवाज पडतो.
- एकाच गाण्यात, ढोल किंवा तबल्याची थाप पडली की बाकी सगळं दबतं आणि क्षणभराने पुन्हा उचलतं. गाणं धापा टाकतंय असं वाटतं. शांत जागी मागची खरखर हळूहळू वर येते.
- मेसेजचा टिंग वाजला किंवा कॉल आला की संगीत खाली बसतं, थोड्या वेळाने परत येतं.
- व्हॉल्यूमची पट्टी स्क्रीनवर आपोआप उमटते आणि सरकते.
- वायरला किंवा टेबलाला धक्का लागला की एक बाजू जाते, किंवा गायक गायब होऊन नुसती वाद्यं उरतात.
- फक्त ब्लूटूथ हेडफोनवरच होतं.
- सुरुवातीला ठीक, अर्ध्यापाऊण तासाने आवाज बसायला लागतो.

आवाज बदलला त्या क्षणी आणखी काय घडलं, हे दोन-तीन वेळा टिपून ठेवा. नवं गाणं? कॉल? खुर्ची सरकली? ही टिपणी पुढच्या सगळ्या खटपटीपेक्षा जास्त कामाची ठरते, आणि लोक नेमकी तीच करत नाहीत.

१. पट्टी उघडी ठेवा

व्हॉल्यूमची पट्टी स्क्रीनवर उघडून ठेवा आणि गाणं लावून बसा. आवाज बदलताना पट्टी हलली, तर कुणीतरी कॉम्प्युटरला "वाढव", "कमी कर" असा हुकूम देतंय. पट्टी जागची हलली नाही, तर गडबड पट्टीच्या अलीकडे किंवा पलीकडे आहे. या एका निरीक्षणाने निम्मं रान मोकळं होतं, म्हणून ते पहिलं.

पट्टी हलत असेल तर संशयित थोडे आहेत. कीबोर्डवरचं आवाजाचं बटण अडकलेलं असतं, किंवा त्यावरची गोल फिरकी मळलेली असते. हेडफोनच्या वायरवरची बटणं घाम आणि ओलीने आपोआप दाबली जातात. एकेक वस्तू काढून पाच-दहा मिनिटं थांबा. ज्या वस्तूशिवाय पट्टी शांत राहते, तीच दोषी.

यात वायरलेस वस्तू विसरू नका. एका काकूंकडे आवाज सारखा शून्यावर जायचा. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की जुना वायरलेस कीबोर्ड कपाटात ठेवलेला होता, त्यावर वह्यांचा गठ्ठा होता, आणि त्याचा रिसीव्हर अजून कॉम्प्युटरच्या पाठीमागे लावलेला होता. वह्या उचलल्या, आवाज आला.

२. अदलाबदल करा

याला पैसे लागत नाहीत, फक्त दुसरा हेडफोन आणि फोन हवा. त्याच कॉम्प्युटरला दुसरा हेडफोन लावून तेच गाणं ऐका. मग त्याच स्पीकरला फोन जोडून तेच गाणं ऐका. फोनवरही आवाज हलला तर दोष स्पीकरकडे किंवा वायरीत. पायरी ६ वर जा. फोनवर ठीक, पण कॉम्प्युटरवर कोणताही हेडफोन लावला तरी हलतो, तर दोष कॉम्प्युटरच्या आत, आणि तो बहुधा एखाद्या सेटिंगचा.

इथे गाण्याऐवजी एकसारखा आवाज वाजवला तर निदान आणखी स्वच्छ होतं, कारण गाणं मुळातच वरखाली होत असतं. त्यासाठी लोक "१००० हर्ट्झचा टोन" शोधतात आणि फसतात. या सुराची तरंगलांबी साधारण ३४ सेंटिमीटर असते, आणि भिंतींवरून परत येणारे तरंग मूळ तरंगांत मिसळून खोलीत कुठे मोठा तर कुठे बारीक आवाज तयार करतात. डोकं आठ-नऊ सेंटिमीटर हललं तरी आवाज घटल्यासारखा वाटतो आणि नसलेला दोष सापडतो. त्यापेक्षा पिंक नॉइज लावा, धबधब्यासारखा सरसर आवाज असतो तो. तो पाच मिनिटं एकसारखा राहिला आणि गाणी मात्र हलत राहिली, तर वायर-स्पीकरवरचा संशय बराच कमी करा. दोष आवाज "समान" करणाऱ्या एखाद्या सोयीचा असण्याची शक्यता मोठी. पिंक नॉइजच हलला तर वायर, जॅक, स्पीकर.

३. गाणीच कमीजास्त आवाजाची असतील तर

प्रत्येक गाण्याला आवाज बदलतो, ही तक्रार असेल तर कॉम्प्युटर निर्दोष आहे. ध्वनिमुद्रणंच वेगवेगळ्या पातळीवर केलेली असतात. डिजिटल फाइलमध्ये आवाजाच्या शिखराला एक कमाल मर्यादा असते. ती सगळ्यांना सारखीच. पण त्या मर्यादेखाली सरासरी आवाज किती वर दाबून बसवायचा हे निर्मात्याच्या हातात. १९९० नंतरच्या काळात ही चढाओढ फार वाढली. म्हणून जुनं, मोकळं मुद्रण दबकं वाटतं आणि त्यामागून आलेलं नवं गाणं अंगावर येतं.

यावर दोन उपाय असतात, आणि नेमक्या त्या दोघांची गल्लत होते.

पहिला उपाय म्हणजे नॉर्मलायझेशन. यात ॲप संपूर्ण गाण्याचा आवाज आधीच मोजतं आणि गाणं सुरू होतानाच ते अखंड एका ठरावीक मापाने वर किंवा खाली सरकवतं. गाण्याच्या आतला चढउतार जसाच्या तसा राहतो. आपल्या संग्रहातल्या फाइलींसाठी वापरली जाणारी रीप्लेगेन ही पद्धत २००१ सालची. रेडिओ-टीव्हीच्या आवाजासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २००६ मध्ये मोजण्याची रीत ठरवली आणि युरोपच्या प्रसारण संघाने २०१० मध्ये तिच्यावर आधारलेला आर१२८ हा दंडक आणला. आजची संगीताची ॲप्स याच मोजणीचा आधार घेतात. स्पॉटिफायचं नेहमीचं लक्ष्य उणे १४ एलयूएफएस आहे (एलयूएफएस हे याच मोजणीचं एकक).

दुसरा उपाय म्हणजे क्षणोक्षणी आवाज समान करणं. हे यंत्र गाणं वाजत असताना लहान आवाज उचलतं, मोठा दाबतं. रात्री हळू आवाजात सिनेमा बघताना संवाद कळावेत म्हणून ते छान आहे. गाण्यासाठी घातक. धापा टाकणारं गाणं, आलापाच्या मधल्या शांततेत वर येणारी खरखर, थापेसरशी दबणारा गळा, हे सगळं याचंच काम.

तेव्हा गाण्या-गाण्यांत फरक पडत असेल तर ॲपमधलं नॉर्मलायझेशन चालू करा. रीप्लेगेनमध्ये "ट्रॅक" आणि "अल्बम" असे दोन पर्याय दिसतात. सरमिसळ यादीला ट्रॅक. एकच अल्बम सलग ऐकायचा असेल तर अल्बम, नाहीतर मुद्दाम हळू ठेवलेलं गाणंही बाकीच्यांच्या बरोबरीला आणलं जातं. जुन्या फाइलींत ही मोजणीची माहिती नसेल तर सगळा संग्रह एकदा मोजून घ्यावा लागतो. फूबारसारखं मोफत प्लेअर ते करतं. रात्रभर लावून ठेवा.

४. कॉम्प्युटरमधले मदतनीस

माझ्या अनुभवात खरा चोर बहुतेकदा इथेच सापडतो.

कॉल आला की संगीत बसतं? विंडोज ७ पासून विंडोजमध्ये अशी सोय आहे की सिस्टीमला कुणी बोलतंय असं वाटलं की बाकीचे आवाज ८० टक्के कमी होतात, आणि ती मुळातच चालू असते. गंमत अशी की कॉल संपला असं आपल्याला वाटतं, पण मीटिंगचा टॅब किंवा गप्पांचं ॲप मागे उघडंच असतं आणि सिस्टीमच्या लेखी संभाषण चालूच राहतं. साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये "कम्युनिकेशन्स" नावाचा टॅब आहे. तिथे "डू नथिंग" निवडा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या साउंडच्या पानावर खाली "मोअर साउंड सेटिंग्ज" दाबलं की हीच खिडकी उघडते.

मग व्हॉल्यूम मिक्सर बघा. तिथे प्रत्येक ॲपची पट्टी वेगळी असते. मुख्य पट्टी पूर्ण वर आणि ब्राउझरची तळाला, असं पुष्कळदा आढळतं. आपण वर्षभर चुकीची पट्टी ओढत असतो.

नंतर एन्हान्समेंट्स, म्हणजे आवाजावर चढवलेली जास्तीची सजावट. स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये "लाउडनेस इक्वलायझेशन" चालू असेल तर बंद करा. विंडोज ११ मध्ये त्या उपकरणाच्या पानावरच "ऑडिओ एन्हान्समेंट्स" आहे, ते "ऑफ" करा. लॅपटॉपमध्ये आधीपासून घातलेलं डॉल्बी, डीटीएस किंवा तत्सम नावाचं आवाजाचं ॲप असतं, त्यातलं "व्हॉल्यूम लेव्हलर" वेगळं बंद करावं लागतं. ब्राउझरमध्ये कुणीतरी कधीतरी घातलेलं "आवाज वाढवा" छापाचं एक्स्टेन्शन असेल तर उडवा. यूट्यूबच्या गिअरच्या चिन्हाखाली "स्टेबल व्हॉल्यूम" दिसलं तर तेही बंद करून बघा. व्हीएलसीची पट्टी १०० टक्क्यांच्या वर नेलेली असेल तर खाली आणा. तिथून पुढे आवाज फाटायला लागतो.

हे सगळं एकदम बंद करा. मग हवं ते एकेक चालू करत जा, प्रत्येक वेळी तेच गाणं ऐकून. उलट क्रमाने, म्हणजे एकेक बंद करत गेलात, तर दोन लेव्हलर एकमेकांच्या विरुद्ध ओढत असतात आणि एक बंद केल्यावर फरक कळतच नाही. टीव्ही किंवा साउंडबारमधून आवाज घेत असाल तर त्याच्या मेनूतला "नाइट मोड" किंवा "ऑटो व्हॉल्यूम"सुद्धा याच टोळीतला.

मॅकवर म्युझिक ॲपच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये "साउंड चेक" आणि "साउंड एन्हान्सर" हे दोन पर्याय आहेत. पहिला नॉर्मलायझेशनचा, तो ठेवा, दुसरा काढा. साउंडच्या सेटिंगमध्ये डावी-उजवी बॅलन्सची पट्टी मध्यावर आहे ना, तेही बघून घ्या. लिनक्सवर पल्सऑडिओ ही आवाज सांभाळणारी यंत्रणा असेल आणि एका ॲपचा आवाज वाढवला की मुख्य आवाजच उसळत असेल, तर "फ्लॅट व्हॉल्यूम्स" हा पर्याय बंद करा.

५. ब्लूटूथचं दुखणं

ब्लूटूथ हेडफोन दोन रूपांत चालतो. एक संगीताचं, स्टीरिओ. दुसरं फोनवर बोलण्याचं, ज्यात माइक चालू असतो आणि आवाज एकाच वाहिनीचा, टेलिफोनसारखा बारीक होतो. कोणत्याही ॲपने हेडफोनचा माइक मागितला की हेडफोन दुसऱ्या रूपात जातो. गाणं अचानक पातळ, चपटं आणि हळू झालं तर हेच झालंय. कॉलच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. जुन्या विंडोजमध्ये एकाच हेडफोनची "स्टीरिओ" आणि "हँड्स-फ्री" अशी दोन नावं दिसतात, गाण्यासाठी स्टीरिओ घ्या.

आणखी एक, फारसं लक्षात न येणारं. काही हेडफोन एकाच वेळी कॉम्प्युटर आणि फोन दोन्हींना जोडलेले राहतात. मग पलीकडच्या खोलीत फोनवर मेसेज येतो आणि इथे गाणं थांबतं किंवा दबतं. फोनचं ब्लूटूथ बंद करून बघा.

६. पिन, वायर, नॉब

गायक गायब आणि वाद्यं शाबूत, हे लक्षण असेल तर मला आनंद होतो, कारण त्यामागचं कारण हमखास माहीत असतं. हेडफोनच्या पिनेवर डाव्या-उजव्या आवाजाचे दोन भाग आणि दोघांचा सामायिक जमिनीचा (ग्राउंडचा) एक भाग असतो. हा जमिनीचा भाग टेकेनासा झाला की कानात फक्त डाव्या-उजव्यातला फरक पोचतो. गायकाचा आवाज सहसा दोन्हींकडे सारखा ठेवलेला असतो, त्यामुळे तो वजा होऊन शून्य होतो. पिन पूर्ण आत दाबा. मोबाइलच्या जाड कव्हरसारख्या वस्तूत अडकून ती दोन मिलिमीटर बाहेर राहिली तरी हे घडतं.

एकच बाजू मंद असेल तर हेडफोन उलटा घाला, डावा उजवीकडे. मंदपणा हेडफोनबरोबर सरकला तर दोष हेडफोनमध्ये, वायरीत किंवा कॉम्प्युटरमध्ये. त्याच कानात राहिला तर त्याबद्दल शेवटी.

वायर पिनेपाशी आणि हेडफोनच्या टोकाशी हळूच वाकवून बघा. आवाज येतो-जातो झाला तर आतली तार तुटत आलीय. टेप गुंडाळून आठवडाभर निघतो, त्यापुढे नाही. जॅकमध्ये कापूस-धूळ बसलेली असते. कॉम्प्युटर बंद करून हवेचा फवारा मारा. टाचणी, सेफ्टीपिन आत घालू नका, आतल्या पितळी पट्ट्या एकदा वाकल्या की नव्या जॅकवाचून इलाज नाही. डेस्कटॉपला पुढचा जॅक त्रास देत असेल तर मागचा वापरा, पुढच्याला आतून एक लांब वायर येते आणि तीच सैल होते.

स्पीकरचा नॉब फिरवताना खरखर होत असेल तर आत धूळ किंवा गंज आहे. स्पीकरचा प्लग काढून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. बहुतेक वेळा तेवढ्याने काही महिने सुटका होते. गंजावर मारतात ते तेल मारू नका, इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो.

यूएसबीवरून वीज घेणारे छोटे स्पीकर मोठ्या ठेक्याला दबत असतील तर त्यांची उपासमार चाललीय. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलिॲम्पिअर, म्हणजे २.५ वॅट एवढंच हक्काने मिळतं. त्यातही हब लावून माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह असे भागीदार बसवले तर काय उरणार? थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये लावून आवाज थोडा खाली ठेवा.

७. ड्रायव्हर

पुष्कळ जण सुरुवातच इथून करतात. मी ही पायरी मुद्दाम मागे ठेवली आहे, कारण ड्रायव्हर नव्याने घातला की पायरी ४ मधले मदतनीस पुन्हा चालू होऊ शकतात आणि आधी केलेलं सगळं पाण्यात जातं. सिस्टीमच्या मोठ्या अपडेटनंतर दुखणं परत आलं तरी आधी पायरी ४ बघा.

तरीही करायचं असेल तर लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरचाच ड्रायव्हर घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. तपासणी म्हणून डिव्हाइस मॅनेजरमधून विंडोजचा साधा "हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस" हा ड्रायव्हर लावता येतो. त्याच्यात जास्तीची सजावट नसते. त्यावर आवाज स्थिर राहिला, तर दोष आधीच्या ड्रायव्हरच्या सजावटीत होता.

गाणं थांबवून पुन्हा लावलं की पहिला सेकंद गिळला जातो, तेही लॅपटॉप बॅटरीवर असताना, तर ते वीज वाचवण्यासाठी झोपलेलं साउंड चिप आहे. बिघाड नव्हे.

इथे थांबा

विजेच्या सॉकेटला थेट लागणारा स्पीकर असेल तर त्याचं झाकण उघडू नका. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भारित असतात. अर्ध्या तासाने तापून आवाज बसणं आणि थंड झाल्यावर ठीक होणं, हे ॲम्प्लिफायरच्या चिपने स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेली विश्रांती असते, किंवा फुगलेला कपॅसिटर, किंवा सुटलेलं सोल्डर. स्पीकर भिंतीपासून मोकळा ठेवून, मागची झरोक्यांची जागा उघडी करून बघा. त्याने फरक पडला नाही तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. जळका वास, धूर किंवा मोठी गुणगुण असेल तर बघत बसू नका, प्लग काढा. लॅपटॉपचा जॅक बोर्डाला सोल्डर केलेला हलत असेल तर तेही घरी करायचं काम नाही. त्यापेक्षा यूएसबीला लागणारं छोटं साउंड ॲडॅप्टर वापरून जॅकला निवृत्त करता येतं. दुरुस्तीवाल्याला "आवाज नीट येत नाही" एवढंच सांगू नका. फोन लावून काय झालं, दुसरा हेडफोन लावून काय झालं, किती मिनिटांनी होतं, हे सांगा. त्याचा तास वाचतो आणि नको ते सुटे भाग बदलले जात नाहीत.

आणि हेडफोन उलटा घालूनही तोच कान मंद राहिला, फोनवर, टीव्हीवर, बोलण्यातही तसंच जाणवलं, तर कॉम्प्युटर बंद करून ठेवा. सर्दीने कानाला दडा बसतो किंवा मळ साठतो, ते डॉक्टर लगेच ओळखतात. कानात काडी घालून स्वतः कोरू नका. पण एका कानाचं ऐकू येणं एक-दोन दिवसांत अचानक कमी झालं असेल तर "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. त्या दुखण्यात उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ऐकू येणं परत मिळण्याची शक्यता जास्त असते.